नैरोबीतल्या तरुणांना कॅमेरा शिकवायचा तर: बारा आठवड्यांच्या प्रशिक्षणाची आखणी

आफ्रिकेतल्या मोठ्या शहरांत तरुणांसाठी फोटोग्राफी आणि फिल्मच्या कार्यशाळा सतत होत असतात. पाच दिवस वर्ग, सहाव्या दिवशी प्रदर्शन, प्रमाणपत्र, निरोप. महिन्याभरात मुलं पुन्हा रिकामी बसतात, कारण त्यांना फ्रेम लावायला शिकवलेलं असतं, पण काम मिळवायला आणि कामाचे पैसे वसूल करायला कोणी शिकवलेलं नसतं. म्हणून इथे दिलेली आखणी पोटापाण्याच्या कामापासून उलटी सुरू होते. उदाहरण नैरोबीचं आहे. पूर्व आफ्रिकेत राहणारे मराठी लोक, तिथे उपक्रम चालवणाऱ्या संस्था आणि तिथे शिकवायला जाणारे आपले छायाचित्रकार यांना ती थेट वापरता येईल. कंपाला किंवा दार-एस-सलामसाठी कायदे आणि भाषा तेवढ्या बदलाव्या लागतील.

आधी गिऱ्हाईक शोधा, मग विद्यार्थी

नैरोबीत कॅमेऱ्याच्या कामाला पैसे कोण देतं? लग्नं आणि रुरासिओ (किकुयू समाजातला मुलीच्या घरी होणारा देण्याघेण्याचा समारंभ), पदवीदान, रविवारच्या प्रार्थनेचं थेट प्रक्षेपण करणारी चर्च. अंत्यविधीचं थेट प्रक्षेपणही, कारण नातेवाईक परदेशात विखुरलेले असतात. शिवाय संयुक्त राष्ट्रांच्या गिगिरीतल्या कार्यालयांभोवती जमलेल्या सामाजिक संस्था, हॉटेलं आणि इन्स्टाग्रामवर कपडे-दागिने विकणारे छोटे दुकानदार. वर्ग सुरू होण्याच्या दोन महिने आधी अशा दहा-पंधरा गिऱ्हाइकांना भेटा आणि प्रत्येकाला तीनच प्रश्न विचारा: मागच्या कामाला किती दिले, काय बिघडलं, पुढचं काम केव्हा आहे.

दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांत दोन तक्रारी हमखास येतात: आवाज नीट नव्हता आणि काम वेळेवर मिळालं नाही. अभ्यासक्रमाचं वजन त्याप्रमाणे ठेवा. दिग्दर्शक व्हायची इच्छा सगळ्यांनाच असते. पण चांगला साउंड रेकॉर्डिस्ट, शूटिंगच्या ठिकाणी कार्ड आणि फुटेज सांभाळणारा माणूस किंवा लग्नातला भरवशाचा दुसरा कॅमेरामन यांना काम लवकर लागतं, आणि मोठ्या सेटवर शिरायचा रस्ताही तिथूनच जातो.

निवड आणि वेळापत्रक

१२ जागा ठेवा, तिघांचे चार गट. २० घेतले की कॅमेरा हातात येण्यापेक्षा वाट बघण्यात जास्त वेळ जातो. अर्जात आधीचं काम मागू नका. ज्याच्याकडे कॅमेरा होता त्याचीच निवड होईल. त्याऐवजी एक काम द्या: कोणताही फोन घ्या, उधारीचा चालेल, आणि चपाती लाटणारी बाई, चपला शिवणारा, सायकल दुरुस्त करणारा असा एखादा कामात गढलेला माणूस तीन फोटोंत दाखवा. एक लांबून, एक हातांचा, एक चेहऱ्याचा. कोण जवळ जायला धजतो, कोणाला त्या माणसाने जवळ येऊ दिलं, हे तीन फोटोंत दिसतं. चपाती हा केनियाचाही रोजचा पदार्थ आहे, त्यामुळे विषय शोधायला कोणाला लांब जावं लागत नाही.

निम्म्या जागा मुलींना द्या आणि वर्ग दहा ते तीन ठेवा. नैरोबीत वर्षभर साडेसहा-पावणेसातच्या सुमारास अंधार पडतो, आणि संध्याकाळचा वर्ग म्हणजे मुलींच्या घरून नकार. माटाटूचं (तिथली खासगी मिनीबस) भाडं दर सोमवारी एम-पेसावर (मोबाइलवरून पैसे पाठवायची सेवा) आगाऊ टाका आणि दुपारचं जेवण द्या. तिसऱ्या आठवड्यात होणारी गळती बहुतेक वेळा याच दोन गोष्टींमुळे होते, आणि तिला कंटाळा समजण्याची चूक आयोजक वर्षानुवर्षं करतात.

महिनाही बघून निवडा. मार्च ते मे मोठा पाऊस, ऑक्टोबर ते डिसेंबर लहान पाऊस. जूनमध्ये सुरुवात केली तर जुलै-ऑगस्टचं ढगाळ, मऊ आभाळ व्यक्तिचित्रांच्या सरावाला मिळतं.

सामान

चार मिररलेस बॉडी सेकंड हँड घ्या, पण चारही एकाच मॉडेलच्या. बटणं सारखी असली की शिकवायचा वेळ निम्मा होतो आणि बॅटऱ्या, चार्जर अदलाबदल करता येतात. प्रत्येकीला ५० मिमी एफ १.८ ची लेन्स, सगळ्यांत मिळून दोन साध्या झूम आणि एक ८५ मिमी. प्रत्येक कॅमेऱ्यामागे तीन बॅटऱ्या आणि ६४ जीबीची दोन कार्डं. शिवाय चार ट्रायपॉड, दोन वायरलेस कॉलर माइक संच, बूमसह (माइक धरायची लांब काठी) एक शॉटगन माइक, एक रेकॉर्डर, चार बंद कानाचे हेडफोन, दोन एलईडी पॅनेल, ११० सेंमीचे दोन घडीचे रिफ्लेक्टर. सहा लॅपटॉप, प्रत्येकी किमान १६ जीबी रॅमचे.

हार्ड डिस्कचा हिशोब आधीच करा. ५० मेगाबिटच्या फुटेजला तासाला साधारण २२ जीबी जागा लागते. चार गट, प्रत्येकी दोन तास म्हणजे दिवसाला १८० जीबीच्या आसपास. आठवड्याला दोन दिवस शूटिंग आणि आठ आठवडे धरले तर जवळपास ३ टीबी. तेव्हा ४ टीबीच्या दोन डिस्क, आणि दोन्हींवर तेच फुटेज.

सेकंड हँड बॉडी घेताना एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून सेन्सरवरचे डाग बघा, कार्डाच्या खाचेतल्या पिना वाकल्यात का ते टॉर्चने तपासा, आणि एक बॅटरी संपेपर्यंत व्हिडिओ चालू ठेवा. काही बॉडी वीस मिनिटांत तापून बंद पडतात आणि ते दुकानात कळत नाही. भारतातून सामान नेत असाल तर सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिन बॅगेतच न्याव्या लागतात. केनियात तीन चौकोनी पिनांचा ब्रिटिश प्लग चालतो. सर्ज प्रोटेक्टर आणि एक यूपीएस यांवर काटकसर करू नका, वीज गेल्यापेक्षा परत येते तेव्हा जास्त नुकसान करते.

सॉफ्टवेअरचे इन्स्टॉलर आधीच एका डिस्कवर उतरवून न्या. मुलांच्या मोबाइल डेटावर कित्येक जीबीचं डाउनलोड टाकणं म्हणजे त्यांच्या खिशावर घाला आहे.

पहिले दोन आठवडे: फक्त फोन

कॅमेरे कपाटात राहू द्या. फोनवर एकच सराव पुन्हा पुन्हा: एका कामाचे पाच शॉट. हात, चेहरा, दोन्ही एकत्र दिसतील असा लांबचा शॉट, काम करणाऱ्याच्या खांद्यामागून, आणि पाचवा आपल्या मनाचा. प्रत्येक शॉट स्थिर धरून १० सेकंद. सुरुवातीला सगळेच दोन सेकंदांत कॅमेरा हलवतात, झूम करतात, किंवा माणूस फ्रेमबाहेर गेला की त्याच्यामागे धावतात. एडिटिंगला बसल्यावर शॉट जोडता येत नाहीत, आणि तेव्हाच १० सेकंदांचं महत्त्व पटतं. म्हणून पहिल्याच आठवड्यात, भले फोनवरच, कापाकापी करून घ्या.

फोनमध्ये दोन गोष्टी आधी बदला. फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) ३० वरून २५ करा, कारण केनियात वीज ५० हर्ट्झची आहे आणि ३० वर ट्यूबलाइट लुकलुकते. दुसरं म्हणजे, फोन फ्रेमरेट कमी-जास्त करत रेकॉर्ड करतात, त्यामुळे वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज दहा मिनिटांच्या मुलाखतीत हळूहळू ओठांपासून सुटत जातो. एडिटिंगआधी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून फाइल २५ च्या स्थिर फ्रेमरेटवर काढून घ्या.

तिसरा ते सहावा आठवडा: प्रकाश आणि त्वचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. फिल्म आणि प्रयोगशाळांची रंगमापं कित्येक दशकं गोऱ्या त्वचेवर बसवलेली होती. कोडॅकच्या तपासणी-कार्डांवर गोरी बाई असायची. आजचे सेन्सर बरेच सुधारलेत, पण गडद त्वचा नीट दाखवण्याचे धडे बहुतेक पाठ्यपुस्तकांत अजूनही सापडत नाहीत.

कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर समोर जे दिसेल ते मध्यम करड्या रंगाचं समजून मोजतो. गडद चेहऱ्याने फ्रेम भरली की कॅमेरा त्याला गरजेपेक्षा उजळ करतो, चेहरा राखाडी दिसतो आणि कपाळ पांढरं फटक होतं. तोच चेहरा उजळ आभाळापुढे लहान असला की कॅमेरा आभाळ वाचवतो आणि चेहरा काळोखात जातो. दुसरी चूक जास्त महागात पडते. अंधारातला चेहरा एडिटिंगमध्ये वर खेचला की सावल्यांत रवा उठतो आणि त्वचेला जांभळट छटा येते.

उपाय असा शिकवा. मीटर स्पॉटवर (फक्त एका ठिपक्यावर मोजणारा) ठेवून गालावर मोजा आणि त्या मापापेक्षा एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) कमी एक्स्पोजर ठेवा. त्वचा किती गडद आहे त्यावर हे ठरतं, म्हणून प्रत्येकाने गटातल्या दोघांवर अर्ध्या-अर्ध्या स्टॉपच्या अंतराने फोटो काढून शेजारी शेजारी बघावेत. व्हिडिओत वेव्हफॉर्म (फ्रेममधला उजेड टक्क्यांत दाखवणारा आलेख) असेल तर गडद चेहऱ्याची उजेडाकडची बाजू साधारण ३० ते ४५ टक्क्यांत आणि कपाळावरची चमक ६०-६५ च्या आसपास असली की काम सुरू करायला हरकत नाही.

गडद त्वचेचा आकार तिच्यावरच्या चमकीतून दिसतो. म्हणून छोट्या, तीव्र दिव्यापेक्षा मोठा आणि जवळचा प्रकाश लागतो. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद पांढरी चादर दारात ताणा आणि माणूस तिच्यापासून हातभर अंतरावर बसवा. घाम चमकत असेल तर टिपकागदाने टिपा. फिक्या पावडरीने चेहरा धुरकट होतो. मागची भिंतही गडद असेल तर चेहऱ्यावर अजून दिवा मारू नका, भिंतीवर मारा किंवा माणूस भिंतीपासून दोन मीटर पुढे आणा. फ्रेममध्ये एक गोरा आणि एक गडद त्वचेचा माणूस असेल तर गडद माणसाला दिव्याच्या जवळ बसवा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर अजिबात नको. लाल मातीची भिंत आणि निळा पत्रा यांच्यामध्ये तो शॉटगणिक बदलतो. उन्हात ५६०० केल्व्हिनवर बांधून टाका.

मालीमधल्या बामाकोचे सेदू केईता अंगणात, दिवसाच्या उजेडात, नक्षीचं कापड मागे टांगून लोकांचे पोर्ट्रेट काढत. त्यांचे फोटो भिंतीवर लावा आणि हाच सराव द्या: अंगण, कितेंगेचं (तिथलं छापील नक्षीचं सुती) कापड, एक खुर्ची, एक माणूस, दिवा नाही. मालिक सिदिबे, घानाचे जेम्स बार्नर, नायजेरियातल्या बायकांच्या केशरचना टिपणारे ओजेइकेरे यांचंही काम दाखवा. गडद त्वचा आणि नक्षीदार कापड एकाच फ्रेममध्ये कसं सांभाळायचं हे या मंडळींनी आधीच सोडवून ठेवलेलं आहे, आणि मुलांना आपल्या मातीतले गुरू दिसतात ही त्याहून मोठी गोष्ट.

विषुववृत्ताजवळचं ऊन वेगळंच शिकवतं. दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. माणसाला छपराच्या कडेला, सावलीत पण उजळ जमिनीकडे तोंड करून उभं करा, जमिनीवरून परतणारा प्रकाश डोळे उघडतो. संध्याकाळी सूर्य सरळ खाली जातो, त्यामुळे सोनेरी उजेड फार वेळ टिकत नाही. पाचला सगळं मांडून तयार राहा.

व्हिडिओसाठी हा एक हिशोब मुलांकडून फळ्यावर करून घ्या. कडक उन्हात आयएसओ १०० वर १/१०० ला एफ १६ लागतो. व्हिडिओत शटर १/५० ठेवायचं, म्हणजे एफ २२. पार्श्वभूमी धूसर हवी म्हणून एफ २.८ वर जायचं तर सहा स्टॉप प्रकाश अडवावा लागेल, म्हणजे ६४ पटीचा एनडी फिल्टर. फिरवून गडद होणारे स्वस्त फिल्टर शेवटच्या टोकाला फ्रेमवर काळी फुली उमटवतात, म्हणून टोकापर्यंत नेऊ नका.

धुळीचं एक: मुरमाच्या रस्त्यावर लेन्स बदलायची असेल तर गाडीत बसून, काच वर करून, बॉडीचं तोंड खाली धरून.

आवाज

पत्र्याचं छप्पर, माटाटूचे भोंगे, शेजारचा जनरेटर. शूटिंगची जागा डोळ्यांआधी कानांनी ठरवायची हे पहिल्या दिवसापासून सांगा. पाऊस सुरू झाला की पत्र्याखाली मुलाखत होऊच शकत नाही, दुसरी जागा आधीच हेरून ठेवा.

कॉलर माइक हनुवटीखाली एक वीत. पण मण्यांच्या माळा असतील तर प्रत्येक मानेच्या हालचालीला टकटक ऐकू येते आणि खळ घातलेलं नवं कितेंगे सरसरतं. अशा वेळी माळेच्या वर, कापडाच्या बाहेर माइक लावा किंवा सरळ बूम वापरा. आवाजाची शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. रेकॉर्डरवर सोय असेल तर दुसरा ट्रॅक १० डेसिबल खाली चालू राहू द्या, म्हणजे कोणी अचानक हसलं किंवा गाऊ लागलं तरी आवाज फाटत नाही. प्रत्येक जागी ३० सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा, कापलेल्या जागा बुजवायला ती लागते. हेडफोन काढून रेकॉर्डिंग करणाऱ्या गटाचं ते शूट अमान्य करा. कठोर वाटेल, पण नियम पाळायची सवय एका फटक्यात लागते.

माणसं, भाषा, परवानगी

मुलाखत देणाऱ्याला त्याच्या भाषेत बोलू द्या: स्वाहिली, शेंग (नैरोबीच्या तरुणांची स्वाहिली-इंग्रजी मिश्र बोली), किकुयू, लुओ. इंग्रजीत तीच बाई तीन वाक्यांत आटपते. सबटायटल मागाहून करा आणि ते भाषा येणाऱ्या दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्या.

किबेरा, मथारे अशा वस्त्यांत बाहेरच्यांचे कॅमेरे लोकांनी खूप सोसलेत. मुलांना सरावासाठी तिथे गटार आणि नागडी पोरं टिपायला पाठवू नका. त्या वस्तीतल्या मुलांनाच विचारा की आपल्या गल्लीतलं काय जगाला दाखवावंसं वाटतं. फोटो काढला की पडद्यावर दाखवायचा, नको म्हटलं तर समोरच पुसायचा. केनियात २०१९ चा डेटा संरक्षण कायदा आहे. व्यक्तीची संमती घ्या, मुलांसाठी पालकांची. कागदावर सही करायला लोक बिचकतात, तेव्हा संमती त्यांच्या भाषेत कॅमेऱ्यासमोर बोलून घ्या आणि ती फाइल वेगळी जपा.

व्यावसायिक चित्रीकरणाला परवाना लागतो, ड्रोन उडवायचा असेल तर नागरी विमान प्राधिकरणाची मान्यता लागते. वर्ग सुरू होण्याआधी संस्थेच्या नावाने कागद तयार ठेवा आणि प्रत्येक गटाजवळ त्याची प्रत, ओळखपत्रासह.

फुटेज सांभाळणं

हा तास कंटाळवाणा वाटतो, म्हणून तो नोकरीसारखा शिकवा. कार्ड भरलं की उलटं करून डबीत. दोन्ही डिस्कवर कॉपी, मग सुरुवातीची, मधली आणि शेवटची फाइल उघडून बघायची, आणि त्यानंतरच कार्ड कॅमेऱ्यात फॉरमॅट. त्याच दिवशी कधीच नाही. फोल्डरचं नाव तारीख, गट, कॅमेरा, कार्ड याच क्रमाने. दोन डिस्क रात्री दोन वेगळ्या घरी जातात.

एडिटिंगसाठी दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरते. लॅपटॉप अडखळत असतील तर हलक्या प्रॉक्सी फाइल बनवून काम करा. ऑटोसेव्ह पाच मिनिटांवर ठेवा.

नववा ते बारावा आठवडा: बिल फाडायचं

आता ज्या गिऱ्हाइकांना सुरुवातीला भेटला होतात त्यांच्याकडे परत जा. प्रत्येक गटाने दोन खरी कामं करायची, पैसे घेऊन. दर बाजारापेक्षा थोडा कमी ठेवा, पण फुकट एकही नाही. फुकटाची सवय गिऱ्हाइकाला लागते आणि उद्या त्याच मुलांच्या पोटावर येते.

प्रत्येक कामाआधी लेखी ठरवून घ्या, व्हॉट्सअॅपवरचा एक नीट संदेशही चालेल: किती तास, किती फोटो किंवा किती मिनिटांची फिल्म, कोणत्या तारखेला, किती वेळा बदल करून मिळतील (दोन), अर्धे पैसे आगाऊ. पैसे एम-पेसावर आले तरी बिल द्यायचंच, आणि त्यासाठी प्रत्येकाचा कर विभागाचा पिन क्रमांक चौथ्या आठवड्यातच काढून घ्या. संस्था आणि हॉटेलं पिनशिवाय पैसे सोडत नाहीत.

हक्कांचं कलम विसरू नका. केनियाच्या कॉपीराइट कायद्यानुसार वेगळा करार नसेल तर मागणीवरून केलेल्या कामाचा हक्क काम देणाऱ्याकडे जातो. म्हणून संदेशात एक ओळ घाला: गिऱ्हाइकाला हे फोटो अमुक ठिकाणी, अमुक काळ वापरता येतील, हक्क छायाचित्रकाराचे, आणि त्याला ते आपल्या कामाचा नमुना म्हणून दाखवता येतील. तरुण मुलं ही ओळ मागायला लाजतात. वर्गात दोघांना समोरासमोर बसवून, एकाला गिऱ्हाईक करून, ती ओळ तोंडाने मागायचा सराव करून घ्या.

शेवटी प्रत्येकाच्या हातात १२ फोटो, ९० सेकंदांची एक फिल्म आणि ३० सेकंदांची एक झलक असावी. त्याहून जास्त नको, निवड करता येणं हेही कौशल्य आहे आणि काम देणारा तेच बघतो.

प्रमाणपत्रानंतरचे सहा महिने

जोहान्सबर्गची मार्केट फोटो वर्कशॉप १९८९ मध्ये डेव्हिड गोल्डब्लॅट यांनी सुरू केली आणि वर्णभेदाच्या काळात ज्यांना दारं बंद होती त्यांना तिथे शिकता आलं. छायाचित्रकार झानेले मुहोली यांचं शिक्षण तिथेच झालं. कंपालात चित्रपट दिग्दर्शिका मीरा नायर यांनी सुरू केलेली माइशा फिल्म लॅब पूर्व आफ्रिकेतल्या तरुणांना फिल्म शिकवत आली आहे. अशा ठिकाणी जमणारी माणसं एकमेकांना कामं देत राहतात, आणि एकदाच होणाऱ्या कार्यशाळेला नेमकं हेच जमत नाही.

तेव्हा कॅमेरे वर्ग संपल्यावर वाटून टाकू नका, विकूही नका. सामानाची एक छोटी ग्रंथालयासारखी व्यवस्था करा: सही करून न्यायचं, ठरल्या दिवशी आणायचं, कामाच्या पैशातून छोटं भाडं द्यायचं. भाड्याचा पैसा बॅटऱ्या, कार्डं आणि दुरुस्तीत जातो. जबाबदारी माजी विद्यार्थ्यांतल्या एकाकडे द्या आणि त्याला त्याचं मानधन द्या, मैत्रीखात्यावर हे चालत नाही. सामानाचा विमा काढा आणि न्यायच्या-आणायच्या वेळी सीरियल नंबरसकट फोटो काढा.

महिन्यातून एक दिवस सगळ्यांना बोलवा आणि प्रत्येकाकडून तीन आकडे घ्या: किती कामं मिळाली, किती पैसे आले, किती अजून अडकलेत. तिसरा आकडा वाढत असेल तर पुढच्या तुकडीत आगाऊ रकमेचा आणि बिलाचा भाग चौथ्या आठवड्यात आणा, आणि थकबाकीच्या गिऱ्हाइकाकडे संस्थेच्या माणसाने स्वतः सोबत जावं.